‘अजून एकच’चे रसायन

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांची चळत समोर घेऊन बसले, तेव्हा एक बदल ठळकपणे जाणवला. पूर्वी वाचक ‘मन थाऱ्यावर नाही’, ‘सवय सुटत नाही’, ‘कितीही मिळाले तरी पुरत नाही’ असे लिहीत असत. आता त्याच तक्रारी ‘माझे डोपामीन बिघडले आहे’ या एका वाक्यात येतात. डोपामीन म्हणजे मेंदूतील चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन. शब्द बदलल्याने दुखणे बदलत नाही, पण शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला तर उपाय मात्र चुकतो. म्हणून या वेळी एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती थोडक्यात दिली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करतो, वय ४१. रात्री साडेदहाला अंथरुणावर पडल्यावर ‘पाच मिनिटे’ म्हणून मोबाइल घेतो आणि रील पाहू लागतो. ‘अजून एकच’ म्हणता म्हणता साडेबारा वाजतात. खरे सांगायचे तर त्यात मजा येत नाही. अर्ध्या तासानंतर वैतागच येतो, तरी अंगठा थांबत नाही. डोपामीन हे आनंदाचे रसायन आहे असे सगळीकडे वाचतो. मग आनंद नसताना ही ओढ कशाची? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : या दुखण्याची मेख तुम्हाला अनुभवातून बरोबर सापडली आहे, चूक आहे ती ‘आनंदाचे रसायन’ या बिरुदात. ते बिरुद डोपामीनला चिकटले त्यामागे एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९५४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यातील दांडी दाबताच त्या तारेतून क्षणभर सौम्य विद्युतप्रवाह जाईल अशी व्यवस्था केली. उंदीर ती दांडी तासाभरात शेकडो वेळा दाबू लागले. मेंदूतील सुखाचे ठिकाण सापडले असा निष्कर्ष निघाला आणि पुढे त्या वाटेवर डोपामीन काम करते असे दिसल्यावर सुखाचा मान त्या रसायनाकडे गेला. वस्तुतः तृप्त झालेला प्राणी दांडी सोडून कोपऱ्यात पडून राहतो. ज्याला दांडी सोडवत नाही त्याला सुख मिळते आहे की सुखाचे नुसते आश्वासन, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

तो नीट विचारला अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामीन जवळजवळ नाहीसे केले होते, ते भरल्या ताटलीसमोर उपाशी बसून राहत; उठून अन्नापर्यंत जाण्याची इच्छाच त्यांच्यात उरली नव्हती. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी घातले की ते पूर्वीसारखेच जिभळ्या चाटत. आवडणे शाबूत होते, हवेसे वाटणे तेवढे गेले होते. मेंदूत या दोन गोष्टी निराळ्या आहेत हे त्यावरून पुढे आले. आपल्या भाषेला हा भेद जुनाच ठाऊक आहे. पुरणपोळी आवडते, तंबाखूची तलफ येते. तलफ आलेल्या माणसाला तंबाखू आवडते का, असे विचारून पाहा. तो बहुधा विचारात पडेल.

आता तुमच्या अंगठ्याकडे वळू. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामीन बनवणाऱ्या चेतापेशींची नोंद घेतली. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी सळसळत. रसाच्या आधी प्रत्येक वेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही दिवसांनी त्या दिवा लागताच सळसळू लागल्या आणि रस मिळाल्यावर मात्र गप्प राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची नेहमीची हालचालही मंदावली. म्हणजे अपेक्षेपेक्षा काही अधिक मिळेल की काय, या चाहुलीला हे रसायन प्रतिसाद देते. जे ठरल्याप्रमाणे मिळते त्याची ते दखल घेत नाही. रीलमध्ये पुढे काय येईल हे कधीच ठरलेले नसते. आठ सपक जातात, नववी हसवते, पुन्हा सहा सपक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांत हेच दिसले होते, की दाणा अनियमितपणे मिळत असेल तर पक्षी सर्वांत चिवटपणे चोच मारत राहतो. त्यात २००६ मध्ये न संपणाऱ्या पानाची युक्ती निघाली आणि ‘पान संपले, आता थांबू’ असे म्हणण्याची जागाच नाहीशी झाली. वर्तमानपत्राला शेवटचे पान तरी असते.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक साधे काम सांगते. उशाशी वही ठेवा. प्रत्येक रीलसाठी एक उभी रेघ ओढा आणि जी खरोखर आवडली तिच्या रेघेवर फुली मारा. एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी वही आणून दाखवली, तर दोन पाने रेघांनी भरली होती आणि फुल्या होत्या चार. रेघा पुढे पुढे तिरक्या होत गेल्या होत्या, कारण झोप आली होती तरी हात चालू होता. फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावणे आणि गजराचे साधे घड्याळ विकत घेणे हे उपाय तुम्ही ऐकलेच असतील, आणि ते करायचेच आहेत. त्यांच्या जोडीला झोपण्याआधी रोज तीच एक गोष्ट करा, जिच्यात नवे काहीही नसेल. पाठ असलेले स्तोत्र म्हणा, नाहीतर दाराची कडी, गॅसचे बटण, पाण्याचा तांब्या असा ठरलेला फेरा मारा. जुन्या घरांतून दिवेलागणीपासून निजेपर्यंतचा क्रम रोज तसाच असे, आणि लहानपणी त्याचा कंटाळा येई. आता मला वाटते की त्या कंटाळ्यातच त्याचे औषधी मूल्य होते. पुढे काय होणार हे पक्के ठाऊक असल्यामुळे चाहूल घेत बसायला मनाला काही उरत नसे.

प्रश्न : शरीरातील डोपामीन रक्त तपासून कळते का? खाजकुइलीच्या बियांची पावडर ‘डोपामीन वाढवणारी’ म्हणून ऑनलाइन मिळते. मनाला समाधान मिळण्यासाठी ती घ्यावी का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : रक्तातील डोपामीनवरून मेंदूतील डोपामीनचा अंदाज बांधता येत नाही, कारण मेंदूभोवतीचा सूक्ष्म अडसर ते ओलांडत नाही. तेव्हा त्या तपासणीवर पैसे घालवू नका. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, ते हा अडसर ओलांडते आणि मेंदूत त्याचे डोपामीन होते. म्हणूनच ती पावडर गंमत म्हणून घेण्याची वस्तू नव्हे.

आणि वाढले तर समाधान मिळेल हे तरी कोणी सांगितले? कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामीनचे काम करणारी औषधे देतात. बहुतेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो, पण काहींना जुगाराची, खरेदीची किंवा सतत खाण्याची अनावर इच्छा होऊ लागते. आयुष्यात कधी लॉटरीचे तिकीट न घेतलेले एक निवृत्त कारकून माझ्याकडे आणले गेले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तिकिटांचे पुडके होते आणि ते स्वतःच त्याकडे चकित होऊन पाहत होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी गोळीची मात्रा बदलल्यावर ती इच्छा ओसरली. अशी औषधे चालू असणाऱ्या वाचकांनी हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये. इच्छा बदलली आहे असे वाटले तर डॉक्टरांना सांगावे, लाजू नये.

प्रश्न : मी बेंगळुरूत सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. दर रविवारी ‘डोपामीन उपवास’ करतो. त्या दिवशी फोन नाही, गाणी नाहीत, मित्रांशी बोलणे नाही, जेवण एक वेळ. रविवार पार पडतो, पण सोमवारी पहाटेपासून फोन हातात येतो तो सुटतच नाही. आठवड्याचा हिशेब केला तर वापर वाढलाच आहे. चुकते कुठे? (एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : तुमच्या आजीने हे पत्र वाचले असते तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ एवढे चार शब्द बोलून ती साबुदाणा भिजवायला गेली असती. आपल्याकडे भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस अशा फराळाने उपवासाचे जे होते, तेच तुमच्या सोमवारचे झाले आहे.

डोपामीनचा उपवास करता येत नाही, हे आधी स्पष्ट करू. पाण्याचा पेला उचलायला हात पुढे होतो, त्यातही त्या रसायनाचे काम असते. २०१९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ही टूम गाजली, तेव्हा ती लोकप्रिय करणारे मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीही नावाचा शब्दशः अर्थ घेऊ नका असे सांगितले होते. एखाद्या अनावर सवयीला वेळेचे कुंपण घालावे एवढाच त्यांचा आशय होता. मित्रांशी न बोलणे हे त्यात कुठेच बसत नाही. माणसांच्या सहवासाने तलफ सहसा उतरते, तेव्हा ते व्रत या रविवारपासून मोडा.

उपवासाचे मर्म गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एका शब्दात सांगितले आहे. निराहार राहणाऱ्याचे विषय दूर होतात, पण ‘रसवर्जं’, म्हणजे त्यांची गोडी मागे राहते. तुम्ही रविवारी फोन दूर ठेवता आणि त्याची गोडी सांभाळून ठेवता. दिवसभर ‘सोमवारी पाहू’ हा विचार चालू असतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे चाहूल घेणे हेच तर डोपामीनचे काम.

वस्तूऐवजी तलफेकडे पाहण्याची रीत उपयोगी पडते. सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ॲलन मार्लॅट यांनी व्यसनमुक्तीच्या उपचारांत ती आणली. तलफ ही लाट आहे. ती चढते, शिखराला जाते आणि पुरवली नाही तरी उतरते, तेव्हा तिच्याशी झगडू नये, तिच्यावर तरंगत राहावे, असे ते रुग्णांना शिकवत. ही दृष्टी त्यांनी बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतली होती. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या शिबिराला गेलेल्यांना ती ओळखीची वाटेल. तिथे सुरुवातीलाच मोबाइल जमा करतात, मौन असते, पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देतात आणि मग शरीरभर उमटणाऱ्या संवेदना नुसत्या पाहतात. बुद्धाने सांगितलेल्या कार्यकारणाच्या साखळीत वेदनेनंतर, म्हणजे संवेदनेनंतर, तृष्णा येते. या दोन कड्यांच्या मध्ये थांबता येते, हा त्या साधनेचा गाभा.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका ट्रकचालकाकडून मी शिकले. तंबाखू सोडताना त्याला मी सांगितले होते की तलफ आली की हात मांडीवर ठेवून काय काय होते ते पाहा आणि मला सांगा. तो म्हणाला, “बाई, आधी जबड्याच्या मागे पाणी सुटतं. मग उजवा अंगठा आपोआप डाव्या तळव्यावर फिरायला लागतो, तंबाखू नसली तरी. मग छातीत एक चिडचिड येते, ती मोठी. ती गेली की मला दुसरंच काहीतरी आठवतं.” घड्याळ लावून पाहिले तेव्हा पहिल्या दिवशी या सगळ्याला सात मिनिटे लागली. इतके नेमके वर्णन मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. तो नंतर दोनदा घसरला, हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या खेपेला सुटली. तुम्ही रविवारचा सोहळा सोडून रोज एकदाच, फोनकडे हात जाताना, एवढे करून पाहा. दिवसातून सात मिनिटे फार नाहीत.

प्रश्न : मी गृहिणी आहे, वय ५३. मोबाइलवरील एका जपाच्या ॲपवर रोज नामजप मोजते. आमच्या भगिनी मंडळाच्या ग्रुपवर रोजचे आकडे टाकतो आणि पहिल्या तिघींची नावे झळकतात. माझी सलग २१२ दिवसांची साखळी झाली होती. सासूबाईंना रुग्णालयात न्यावे लागले त्या रात्री ती तुटली. त्यांची प्रकृती सुधारली, पण साखळी तुटल्याची हळहळ अजून जात नाही आणि त्याची लाजही वाटते. ‘जपाने डोपामीन ६५ टक्क्यांनी वाढते’ असे ग्रुपवर आले होते, ते खरे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी आकड्याचे पाहू. ६५ टक्के हा आकडा २००२ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातला आहे. त्यात आठ अनुभवी साधक होते, ते योगनिद्रा करत होते, जप नव्हे, आणि मेंदूच्या एका विशिष्ट भागातील डोपामीनचे ते अप्रत्यक्ष अनुमान होते. एवढ्याशा अभ्यासावरून घरोघरच्या जपाची टक्केवारी काढणे बरोबर नाही. मात्र त्यातली एक गोष्ट मला आकड्यापेक्षा मोलाची वाटते. त्या अवस्थेत काही करायला उठावे ही ऊर्मीच कमी झाल्याचे साधकांनी सांगितले. डोपामीन वाढूनही धावपळीची इच्छा नाही, ही या रसायनाबद्दलच्या आपल्या सोप्या समजुतींना बसलेली चपराकच आहे.

आता तुमची हळहळ. तिची लाज वाटण्याचे कारण नाही, कारण ती तुमच्या भक्तीतून उपजलेली नाही. ती त्या ॲपच्या रचनेतून आली आहे. सलग दिवसांची साखळी, झळकणारी नावे, रोज बदलणारा क्रमांक ही सारी साधने खेळांच्या ॲपमधून जशीच्या तशी उचललेली असतात. आज मी दुसरी की पहिली, ही उत्सुकता रसाच्या थेंबाआधी लागणाऱ्या दिव्यासारखीच आहे. तुम्ही नाम घेत होतात हे खरे, पण मन आकड्याकडे लागले होते, आणि ते मुद्दाम तिकडे वळवलेले होते.

माळेची रचना याच्या अगदी उलट आहे, आणि ती ज्यांनी केली त्यांना मनाची चांगली पारख असली पाहिजे. मणी १०८, काल होते तेवढेच आज, उद्याही तेवढेच. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही. माळ उलटी फिरवून पुन्हा त्याच मण्यांतून जायचे. पुढे काही नाही, वर काही नाही, जिंकायची रेषाच नाही. शिवाय गोमुखी. लोकरीच्या किंवा सुती कापडाच्या त्या पिशवीत हात घालून जप करतात, तेव्हा किती झाला हे शेजारी बसलेल्याला तर नाहीच, करणाऱ्यालाही डोळ्यांनी दिसत नाही. अंगठ्याला मण्याचा गुळगुळीतपणा तेवढा कळतो. माझ्या आत्याच्या गोमुखीला अंगठ्याच्या जागी भोक पडले होते, तिथे तिने जुन्या खणाचे ठिगळ लावले होते. तिने किती जप केला हे आम्हाला कोणालाही ठाऊक नाही.

तेव्हा ॲप काढून टाका आणि ग्रुपवर आकडे टाकणे थांबवा. पहिले काही दिवस चुकल्यासारखे वाटेल, ते वाटू द्या. मंडळातील इतरजणींना शिकवायला मात्र जाऊ नका. विचारले तर माळ हाती आली आहे एवढेच सांगा. आणि त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून तुमच्या तोंडून जे नाव आपोआप येत असेल, ते कोणत्याही ॲपमध्ये नोंदलेले नाही, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान’ हे वचन मी जन्मभर शिकवले. माझा चिरंजीव म्हणतो, “बाबा, हे आळशी माणसाचे तत्त्वज्ञान आहे, डोपामीन म्हणजेच उमेद, ती मारून समाधान कशाला?” त्याला काय उत्तर द्यावे? (एक वाचक, वाई)

उत्तर : सर, चिरंजिवांचा अर्धा मुद्दा मान्य करावा लागेल, आणि त्याची साक्ष आपल्याच मातीतील एका वनस्पतीने दिली आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावर उपयोग होतो हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे करण्यात आले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी हे रेसर्पिन सशांना दिले, तेव्हा ससे कान पाडून निपचित बसले. मेंदूतील डोपामीन रिते झाले होते. मग त्यांना लेव्होडोपा टोचले आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. हे १९५७ च्या सुमाराचे काम. त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डोपामीन नसेल तर ससा उठत नाही आणि माणूसही. उमेद मारावी असे कोणी म्हणत असेल तर ते चूकच.

पण तुकोबांनी तसे म्हटलेले नाही. समाधान ‘चित्ती’ असावे असे ते सांगतात. हातपाय बांधून बसा, असे सांगत नाहीत. देहूला दुकान चालवलेल्या माणसाचे हे शब्द आहेत, आणि त्यांचेच दुसरे वचन आपण वर्गात शिकवले असणार : ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी.’ जोडायचे आहे, तेही उत्तम व्यवहाराने. उदास व्हायचे आहे ते जोडलेल्याच्या बाबतीत. आवडणे आणि हवे असणे यांतला जो फरक वर आला, तोच इथे आहे. चिरंजिवांना ही दुसरी ओळ वाचून दाखवावी. आणि एक आगाऊपणा करते. पहिली ओळ आपण त्यांना कोणत्या प्रसंगी ऐकवता, हेही पाहावे. मुलगा नवी नोकरी शोधत असताना वडिलांनी ती म्हटली, तर तिचा अर्थ मुलाला आळसाचाच वाटणार.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा मोबाइल समोर असल्याशिवाय जेवत नाही. ह्यांच्याही हातात जेवताना फोन असतोच. सांगली जिल्ह्यात एका गावात भोंगा वाजवून सगळ्यांचे मोबाइल बंद करतात म्हणे. एका घरापुरते असे करता येईल का? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : ते गाव म्हणजे कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतील आणि साडेआठच्या भोंग्याला पुन्हा सुरू होतील. त्या दीड तासात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला आशा सेविका, शिक्षक, पंचायतीचे कर्मचारी घरोघर जाऊन सांगत होते. हा उपक्रम मला आवडतो, कारण त्यात कोणा एकट्याच्या निग्रहाची परीक्षा नाही. शेजारच्या घरातही पडदा काळा आहे हे मुलाला दिसते, तेव्हा आपले काही निसटते आहे ही चुटपुट त्याला लागत नाही. आणि भोंगा दोन्ही बाजूंनी वाजतो, सुरुवातीलाही आणि शेवटीही.

घरात हे करायचे असेल तर मुलापासून सुरुवात करू नका. त्याच्या वडिलांपासून करा. रात्रीच्या जेवणाचा अर्धा तास ठरवा आणि सर्वांचे फोन, तुमचाही, एका डब्यात ठेवा. पिठाचा रिकामा डबा चालेल. सुरुवात घंटेने करा, देवघरातली असेल तर उत्तम. पहिले तीन-चार दिवस मुलगा कमी जेवेल, कदाचित ताट सारून उठेल. निरोगी मूल दोन-चार दिवस कमी जेवले तर बिघडत नाही, तेव्हा मागे लागून भरवू नका. त्या अर्ध्या तासात शाळेची चौकशी आणि गुणांचा विषय मात्र कोणी काढायचा नाही, नाहीतर त्याला डब्यातला फोनच बरा वाटेल.

प्रश्न : माझे वय ६४. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. अलीकडे मला कशाचीच इच्छा होत नाही. पूर्वी भजनाला जात असे, पेटी वाजवत असे. आता पेटीवरचे कापड काढावेसे वाटत नाही. चहा समोर गार होतो. पहाटे तीनला जाग येते. मुलगा-सून म्हणतात, बाबांना विरक्ती आली, समाधानी झाले. मलाही वाटते की हव्यास संपला हे चांगलेच. बरोबर ना? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नाही, हे बरोबर नाही, आणि या अंकातील सर्व पत्रांत मला आपल्याच पत्राची काळजी वाटली. विरक्त माणसाची इच्छा कमी होते, गोडी जात नाही. त्याला चहा मिळाला नाही तरी चालते, पण मिळाला तर तो गरम पितो. पेटी, भजन, चहा यांतले काहीच आवडेनासे होणे आणि पहाटे तीनला जाग येणे ही नैराश्याची, म्हणजे उपचारांनी बऱ्या होणाऱ्या एका आजाराची, नेहमीची लक्षणे आहेत. थायरॉइड आणि इतर काही शारीरिक कारणेही असू शकतात, तीही तपासून घ्यावी लागतील. या अवस्थेत एकट्याने तासन् तास ध्यानाला बसू नका. सध्या त्याने फायदा होण्यापेक्षा विचारांचे चक्रच वाढेल.

मुलाला हे उत्तर वाचायला द्या आणि या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जगणे नकोसे वाटणारा विचार एकदाही मनात येऊन गेला असेल, तर आजच जा. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा, तिथे कोणीतरी फोन उचलते. डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगायचे हा प्रश्न अनेकांना पडतो. आपण मला लिहिलेले हे पत्रच सोबत न्या. गार होणारा चहा आणि पेटीवरचे कापड, एवढे त्यांना पुरेल.